हजेरीचं वचन

महिला सभेच्या चिटणीसपदावरून मला काढलं, त्याला आता चार महिने होतील. कारण काय, तर 'आसावरी फार तापट आहे.' आहेच मुळी. आमच्या नगरच्या घरात तापट नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही. पण सहा वर्षं याच तापट बाईने सभेचं हजेरीपुस्तक सांभाळलं, वृत्तांत लिहिले, खुर्च्या मांडल्या, तेव्हा कोणाला काही टोचलं नव्हतं. आता जो तो विचारतो, एवढं झालं तरी काय होतं? म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते. यात माझीही लाज निघणार आहे. निघू दे.

दोह्यात आमचा रविवार शुक्रवारी येतो. सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारची. अबू हमूरजवळच्या चर्चच्या आवारात एकेका खोलीत दिवसभरात चार-चार भाषा नांदतात. सकाळी मल्याळी मंडळी बाहेर पडली की आम्ही मराठी आत शिरतो, आणि बाराच्या ठोक्याला फिलिपिनो मंडळी गिटारी घेऊन दारात उभी असतात. आमची उपासना साडेदहाला संपते. मग पुरुष मुलांना घेऊन गाड्यांपाशी गप्पा ठोकतात आणि ती खोली बारापर्यंत महिला सभेची होते.

सभेची सुरुवात हजेरीने. आमच्यात नाव पुकारलं की 'हजर' म्हणत नाहीत, शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन पाठ म्हणतात. ही जुनी रीत आहे. माझी आजी खेडोपाडी चालत जाऊन बायकांना शास्त्र शिकवायची, तिच्या सभेतही अशीच हजेरी व्हायची. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्याही बायका वचन मात्र घडाघडा म्हणायच्या. एखादी आजारी असली किंवा बाळंतीण असली, तर तिच्या शेजारणीने तिच्या नावाने वचन म्हणायचं आणि तिची हजेरी लागायची. म्हणजे ती अंथरुणावर असली तरी सभेत धरलेली. किती मायेची पद्धत! आणि आम्ही तिचं काय केलं, तेच सांगायचं आहे.

सभेच्या अध्यक्ष सुचित्राताई. राहणार द पर्ल या श्रीमंत वस्तीत, बाविसाव्या मजल्यावर, खिडकीतून खाली बोटी दिसतात. यजमान अरुणकुमार गॅस कंपनीत मोठ्या पदावर, आणि माझा नवरा मिहीर त्यांच्याच हाताखाली कॉन्ट्रॅक्टवर. हे लक्षात ठेवा, माझ्या गप्प बसण्याचं अर्धं कारण ते आहे. सुचित्राताई बोलतात मात्र छान. अगदी मधात घोळलेलं. त्या वर्षी त्यांनी व्याख्यानमालाच काढली होती, 'विश्वासू स्त्रियांच्या जीवनातून धडे'. दर शुक्रवारी एक स्त्री, तिची गोष्ट आणि शेवटी आपण काय शिकायचं ते.

त्याच वर्षी जानेवारीच्या आरंभीच त्यांच्याकडे रत्नप्रभा आली. जालन्याकडची, चाळिशी ओलांडलेली विधवा. मुलगी तिकडे वसतिगृहात शिकत होती. सुचित्राताईंनी सभेत मोठ्या कौतुकाने सांगितलं, "घरकामाला आपल्यातलीच बाई आणली बरं का. ख्रिस्ती घरात राहील, मंडळीत येईल, तिचाही आत्मिक लाभ होईल." आम्ही माना डोलावल्या. मी हजेरीपुस्तकात शेवटचं, चाळिसावं नाव लिहिलं, रत्नप्रभा साळवे.

पहिल्या शुक्रवारी नाव पुकारलं तर रत्नप्रभा नाही. सुचित्राताई उभ्या राहिल्या. "तिला आज जमलं नाही, घरी अडचण आहे. तिच्या नावाने मी वचन म्हणते." आणि त्यांनी वचन म्हटलं. चाकरांनी धन्याचा शब्द मोडू नये, मन लावून राबावं, अशा अर्थाचं. मी खूण केली.

दुसऱ्या शुक्रवारीही अडचण. तिसऱ्याही. अडचण कसली होती, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती साडेअकराच्या सुमाराला पातेल्यातून यायची. सुचित्राताईंचा ड्रायव्हर अम्मार गाडीतून बिर्याणीचं पातेलं उतरवायचा, सोबत कोशिंबीर, शिरा, कधी भरली वांगी. चाळीस माणसांचा स्वयंपाक. 'सुचित्राताईंकडून प्रीतिभोजन' असं मी वृत्तांतात लिहायची. पर्लच्या बाविसाव्या मजल्यावर पहाटेपासून कांदे कोण चिरत होतं, ते मात्र वृत्तांतात कधी आलं नाही. वांगी फार चांगली असायची. मी दोनदा वाढून घ्यायची.

एका शुक्रवारी धडा होता मार्था आणि मरिया या दोघी बहिणींचा. एक चुलीपाशी राबते, दुसरी प्रभूच्या पायाशी बसून ऐकते. सुचित्राताईंचे डोळे पाणावले होते. "बहिणींनो, स्वयंपाकघर सोडा. पायाशी बसायला शिका. कामं संपत नसतात!" आणि तेवढ्यात दार उघडून अम्मार पातेलं घेऊन आला. मला हसू आलं आणि पाठोपाठ असा संताप आला, की कानशिलं तापली. आम्ही एकोणचाळीस जणी मरिया आणि घरी एकटी रत्नप्रभा मार्था! पण बोलले का? नाही. जेवले.

घरी गेल्यावर मिहीरला म्हटलं, "इथल्या कायद्यातसुद्धा घरकामाच्या बाईला आठवड्याची एक सुट्टी आहे. आणि आपण ख्रिस्ती म्हणवतो."

"तू कशाला मध्ये पडतेस?" मिहीर म्हणाला. "माझं रिन्यूअल मार्चमध्ये आहे. तेवढं होऊ दे इन्शाल्ला, मग काय तो धर्म कर."

आमची लेक वल्लरी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, यू टॉक सो मच अॅट होम." घरात बोलते, बाहेर नाही, असं तिचं म्हणणं. बारा वर्षांच्या पोरीने आईला असं एका वाक्यात सोलून ठेवावं!

मे महिन्यात रत्नप्रभा मला पहिल्यांदा समोरासमोर भेटली, सूक वाकिफच्या जुन्या बाजारात. मसाल्याच्या दुकानात सुचित्राताई केशराचा भाव करत होत्या आणि ही मागे चार पिशव्या घेऊन उभी. किरकोळ बांधा, केस घट्ट बांधलेले. मी ओळख दिली तशी तिचा चेहरा उजळला.

"तुमीच नावं पुकारता न्हवं? ताई सांगत्यात, माजं बी नाव हाय म्हून."

"आहे की. शेवटचं."

"मला लई वाटतं ताई, एक शुक्कारवार यावं. आमच्या गावात मी कवा सभा चुकवली न्हाई. प्रभुभोजन घेऊन बी पाच म्हयने झाले." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "माज्या नावानं कंचं वचन म्हनत्यात वो?"

काय सांगणार होते मी तिला? "चांगलं असतं," म्हटलं. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं, की त्याची मला आजही शिसारी येते. मागून हाक आली, "यल्ला, चल रत्नप्रभा, उशीर होतोय," आणि ती गेली.

त्यानंतरही मी खुणा करतच राहिले. इंगळी डसल्यासारखं व्हायचं, पण हात खूण करायचा.

डिसेंबरात वार्षिक सभा. त्यात वर्षभर पूर्ण हजेरी असलेल्या बहिणीला बक्षीस असतं. मी पुस्तक घेऊन मोजायला बसले आणि थबकलेच. कोणी सुट्टीला गावी गेलेली, कोणाची शिफ्ट, कोणाच्या मुलाची परीक्षा. एकही शुक्रवार न चुकलेल्या फक्त दोन. एक सुचित्राताई. आणि दुसरी रत्नप्रभा. साहजिकच होतं, ताई दर वेळी हजर, म्हणून त्यांच्या तोंडून रत्नप्रभाही दर वेळी हजर. अध्यक्षांनी बक्षीस घ्यायचं नाही हा आमचा नियम. म्हणजे वर्षातल्या एकाही सभेचा उंबरा न ओलांडलेली बाई पूर्ण हजेरीच्या बक्षिसाची एकटी मानकरी!

मी नाव खोडू शकले असते. सुचित्राताईंना फोन करून गुपचूप मिटवू शकले असते. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी यादी तशीच चर्चच्या पाळकांच्या पत्नीकडे दिली, त्या एरवी सभेला नसत, फक्त बक्षिसं वाटायला येणार होत्या. आणि सुचित्राताईंना फोन करून गोड आवाजात म्हटलं, "ताई, या वेळी माणसं जास्त आहेत. वाढायला रत्नप्रभाला आणाल का?" त्या म्हणाल्या, "गुड आयडिया. मॅनेज करते." माझी अक्कल पाहा, रत्नप्रभाला मी काहीच विचारलं नव्हतं. नोकरी तिची, घर दुसऱ्याचं, आणि बार उडवायला निघाले मी.

वार्षिक सभेच्या दिवशी ती आली. मागच्या भिंतीशी, पातेल्यापाशी उभी राहिली. पदर खोचलेला, हातात डाव. उपासनेच्या वेळी नाही आली बरं का, जेवणाच्या वेळी आली. पाळकांच्या पत्नीने यादी उघडली आणि वाचलं, "संपूर्ण वर्ष एकही सभा न चुकवणारी आपली बहीण, रत्नप्रभा साळवे!"

आधी टाळ्या वाजल्या. सवयीने. मग एकेक हात थांबत गेला. चाळीस माना मागे वळल्या. सुचित्राताई हसल्या, पण ते हसू तोंडावर बसेना. "अगं, ते टेक्निकल आहे," त्या म्हणाल्या. "ये रत्नप्रभा, घे लवकर. जेवण थंड होतंय."

डाव पातेल्यात ठेवून, हात पुसून रत्नप्रभा पुढे आली. बक्षीस म्हणजे शिंपल्याच्या नक्षीची एक लाकडी पेटी होती. तिने ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. पाळकांच्या पत्नीला आमच्या खाचाखोचा माहीत नव्हत्या, त्या प्रेमाने म्हणाल्या, "बक्षीस घेणाऱ्या बहिणीने आपल्या आवडीचं वचन म्हणायचं असतं, बाळ."

"आज मीच म्हनू?" रत्नप्रभाने विचारलं. "का ताई म्हनतील?"

तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. खरंच विचारत होती.

"तूच म्हण," मी म्हणाले.

ती सरळ उभी राहिली. शाळेत उभं करतात तशी. "माज्या बापाला वाचता येत न्हवतं. त्यानं दहा आज्ञा तोंडानं शिकवल्या, तशाच सांगते. चवथी. सा दिवस राब. सातवा दिवस देवाचा. त्या दिशी तू काम करू नको, तुज्या लेकानं करू नये, लेकीनं करू नये, गड्यानं करू नये, घरच्या मोलकरनीनं करू नये. जसा तुला इसावा, तसाच तिला बी इसावा." मग म्हणाली, "बैलाचं बी हाय त्यात. बैलाला बी सुट्टी हाय."

तिने पेटी सुचित्राताईंच्या समोर टेबलावर ठेवली. "हे माजं न्हाई, ताई. वरीसभर हजेरी तुमी लावली. बक्षीस तुमचं."

आणि पाठीमागे जाऊन तिने पुन्हा डाव उचलला आणि वाढायला लागली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अगं बाई, इतकं बोललीस, आता बस ना खाली! पण ज्याला संध्याकाळी त्याच घरी परत जायचं असतं, त्याची गणितं वेगळी असतात. मी जाऊन तिच्या हातातला डाव घेतला. ती सोडेना. "राहू द्या ताई," ती हळूच म्हणाली, "आज लई बोलले मी."

त्या दिवशी बिर्याणी कोणाच्या घशाखाली उतरली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण बऱ्याच जणी व्यवस्थित जेवल्या. दोघीतिघी मला येऊन म्हणाल्या, "जे झालं ते वाईट झालं. सुचित्राताईंना किती लागलं असेल!" सुचित्राताईंना! संध्याकाळी त्यांचा फोन आला. "आसावरी, तू हे मुद्दाम केलंस. ती माझ्या घरात सुखात आहे. तिला वेगळी खोली आहे, एसी आहे. हे बघ, जास्त ताणलंस तर तिलाच परत पाठवावं लागेल. खलास."

आठवडाभर मला धड झोप नव्हती. संतापाच्या भरात मी तिची भाकरी धोक्यात घातली होती. मिहीरने एवढंच विचारलं, "आता पुढे काय?"

पुढचा शुक्रवार आला. उपासना झाली, पुरुष बाहेर गेले. रत्नप्रभा नव्हती. मी हजेरीपुस्तक उघडलं. एकेक नाव, एकेक वचन. सुचित्राताईंनी आपलं म्हटलं, मी आपलं म्हटलं. एकोणचाळीस झाली.

"रत्नप्रभा साळवे."

सुचित्राताई उभ्या राहिल्या. त्याच, त्याच सुरात! "तिला आज जमलं नाही, घरी अडचण आहे. तिच्या नावाने मी..."

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"आजारी बाईच्या नावाने वचन म्हणतात. बाळंतिणीच्या नावाने म्हणतात. रत्नप्रभा आजारी आहे का?"

"आसावरी, प्लीज. पुढचं घे."

"पुढचं नाव नाही, ताई. शेवटचं हेच आहे. हजेरी पुरी झाल्याशिवाय सभा सुरू होत नाही. मी थांबते."

मी पेन खाली ठेवलं आणि बसले. वाटलं, आता कोणीतरी गाणं सुरू करेल आणि माझा पचका होईल. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या नीलांबरीबाई, मुलाकडे व्हिसावर आलेल्या, काठी खुर्चीला टेकवून म्हणाल्या, "मी पण थांबते. मला कुठं जायचंय?" त्यांच्या शेजारच्या गौरीने पर्स मांडीवरून खाली ठेवली. मग कोणीच हललं नाही. सगळ्या माझ्या बाजूच्या होत्या असं नाही. काही निव्वळ गंमत पाहायला थांबल्या असतील. पण थांबल्या.

अकरा वाजले. सुचित्राताईंनी व्याख्यानाचे कागद सरळ केले, पुन्हा सरळ केले. त्या दिवशी धडा कोणत्या स्त्रीचा होता, आठवत नाही. सव्वाअकरा झाले तसा त्यांनी मोबाइल काढला. "अम्मार, घर वापस जाओ. रत्नप्रभा को लेके आओ. हाँ, अभी. खाना रहने दो."

पर्लहून इथे यायला शुक्रवारच्या मोकळ्या रस्त्यावरही अर्धा तास लागतो. चाळीस खुर्च्या मांडून आम्ही एकोणचाळीस बायका नुसत्या बसून राहिलो. पावणेबाराला फिलिपिनो मंडळी दारात आली. गिटार घेतलेल्या बाईने आत डोकावून घड्याळाकडे बोट दाखवलं. मी इंग्रजीत सांगितलं, एक बहीण यायची आहे, तिची वाट पाहतोय. ती मान हलवून तिथेच भिंतीला टेकली. तीही कोणाच्या तरी घरी काम करत असणार.

बाराला चार मिनिटं कमी असताना रत्नप्रभा आली. धापा टाकत. गेटवर ओळखपत्र दाखवायला वेळ गेला होता. बोटांना हळद, घाईत पदर उलटा घेतलेला. एवढ्या बायका आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर ती दारातच अडखळली. नीलांबरीबाईंनी शेजारची रिकामी खुर्ची थोपटली. ती बसली. पाठ न टेकता, कडेकडेने.

मी पेन उचललं. "रत्नप्रभा साळवे."

ती उठली. तिने सुचित्राताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं.

"गाडीत पाठ करत आले व्हते," ती म्हणाली. "सगळं इसरले. काय बी आठवंना."

सुचित्राताईंनी मदतीला तोंड उघडलं, सवय हो! आणि सगळ्या जणींच्या देखत रत्नप्रभाने हात वर करून त्यांना थांबवलं.

"नगं, ताई. मी सांगते." तिने हळदीच्या बोटांनी डोळे पुसले. "वचन ऱ्हाऊ द्या. हजर लिवा. नुसतं हजर."